दुधी धरत नाही? आधी त्याचं फूल कधी उमलतं ते बघा

डोंबिवलीत चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत मी पहिल्या वर्षी दुधीचे दोन वेल लावले. वेल मांडवावर असे पसरले की शेजारणी विचारायच्या, "आता आम्हालाही देणार ना दुधी?" द्यायला एकही नव्हता. बोटभर दुधी दिसायचा, तीन-चार दिवसांत पिवळा पडायचा आणि सकाळी झाडताना केरात सापडायचा. रोपवाटिकेतल्या माणसानं आधी शेणखत वाढवायला सांगितलं, मग बोरॉन, मग कसलंसं टॉनिक. सगळं घातलं. वेल आणखी माजला, दुधी काही धरेना.

मग कुठूनतरी कळलं की परागीभवन, म्हणजे नर फुलाचा पराग मादी फुलाला लागणं, होत नसेल, हातानं करावं लागेल. हौसेनं बारीक कुंचला आणला आणि सकाळी आठला गच्चीत गेले. सगळी फुलं भिजलेल्या कागदासारखी लोंबत होती. वाईकडच्या माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या दारातून म्हणाल्या, "अगं, दुधीचं फूल दिवेलागणीला उमलतं. सकाळी काय त्याचं बारसं करायला गेलीस?"

त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला पुन्हा गेले. पांढरी फुलं उमलायला लागली होती. एका फुलाखाली लव असलेला, अंगठ्याएवढा हिरवा दुधी होता. दुसरं एक फूल नुसत्या लांब देठावर उभं. ते तोडलं, पाकळ्या काढल्या, मधला पिवळा दांडा त्या लवेच्या फुलात हळूच फिरवला. आठ दिवसांनी तो दुधी वीतभर झाला.

त्यानंतर सहा-सात वर्षं गच्चीत आणि सासरच्या परसात जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते. फळ धरत नसेल तर खताच्या पोत्याकडे वळण्याआधी घड्याळ बघा, एवढंच मला नव्या माणसाला सांगायचं आहे. बाकीचा तपशील.

लागणारं सामान

- चित्रकलेचा मऊ कुंचला, शून्य किंवा एक नंबरचा. कान साफ करायची कापसाची काडीही चालते, पण तिला पराग चिकटून वाया जातो.
- छोटी काचेची किंवा स्टीलची वाटी. प्लॅस्टिकच्या डबीच्या कडांना पराग चिकटून बसतो.
- रंगीत लोकरीचे तुकडे, खुणेसाठी.
- कागदी पिशव्या. किराण्याच्या जुन्या असल्या तरी हरकत नाही.
- बॅटरीवर चालणारा जुना टूथब्रश. कशाला ते पुढे येईल.
- डोक्याला लावायची बॅटरी. संध्याकाळच्या फुलांसाठी दोन्ही हात मोकळे लागतात.
- एक वही. कोणतं फूल किती वाजता उमललं हे लिहायला. पुढच्या वर्षी या वहीइतकं उपयोगी काही नसतं.

## १. फळ नेमकं कशानं गळतंय ते ओळखा

गळलेलं प्रत्येक फळ परागाअभावी गळत नाही. गळलेलं पिल्लू हातात घ्या आणि उभं चिरा.

आत स्वच्छ असेल, वाढ अजिबात नसेल आणि टोकाकडून पिवळं पडत गेलं असेल, तर बहुधा परागीभवन झालेलं नाही. अंगावर सुईनं टोचल्यासारखा ठिपका असेल, त्यातून डिंकासारखं पाझरत असेल आणि आत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत असतील, तर ती फळमाशी. तिला कुंचल्याचा काही उपयोग नाही. वेलभाज्यांच्या फळमाशीसाठी क्यू-ल्युर या आमिषाचा सापळा लागतो. आंब्यासाठी मिळणारा मिथाइल युजेनॉलचा सापळा वेगळा. दुकानदार बरेचदा जो हाताशी असेल तो देतो, म्हणून नाव वाचून घ्या.

फळ धरलं, पण वाकडं झालं किंवा एका टोकाला चिमटलं, तर परागीभवन अर्धवट झालंय. वेलभाज्यांच्या मादी फुलात मधोमध साधारण तीन भागांची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, असते. एकाच भागावर पराग पडला तर त्या बाजूचं बी भरतं आणि फळ तिकडेच फुगतं.

आणि वेलाला अजून फक्त नर फुलंच येत असतील तर काहीच बिघडलेलं नाही. बहुतेक वेलभाज्यांना आधी आठ-पंधरा दिवस नर फुलंच येतात. पहिल्या वर्षी ती झडलेली बघून मी जीव खालीवर करून घेतला होता.

## २. नर कोण, मादी कोण

दुधी, काकडी, कारलं, दोडका, घोसाळं, पडवळ, लाल भोपळा, कलिंगड या सगळ्यांत एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. फुलाच्या वरून बघू नका, खालून बघा. मादी फुलाच्या मागे त्या फळाचं पिल्लू आयतंच असतं. कारल्याच्या मादी फुलामागे खडबडीत इवलंसं कारलं, भोपळ्याच्या मागे गोटी. नर फुलामागे नुसता देठ.

नर फुलं फारच जास्त आणि मादी फुलं बोटांवर मोजण्याइतकी असतील तर दोन कारणं आधी तपासा. एक म्हणजे नत्र जास्त झालंय, युरिया किंवा कच्चं शेणखत. दुसरं, उन्हाचा कडाका. गच्चीवाल्यांत जिला थ्री-जी कटिंग म्हणतात, म्हणजे शेंडा खुडून आडव्या फांद्या फोडायच्या आणि त्यांचाही शेंडा खुडायचा, त्याचा दुधीला उपयोग होतो. कारण दुधीची मादी फुलं आडव्या फांद्यांवर जास्त येतात. पण काही जण वेल चार पानांचा असतानाच कात्री चालवतात. मुख्य वेल निदान छातीएवढा होऊ द्या.

## ३. फुलाची वेळ पाळा

या लेखातली हीच पायरी नीट वाचलीत तरी तुमची अर्धी फुलगळ थांबेल. या वेळा मी माझ्या वहीतून देतेय. हवामानानं आणि ऋतूनं अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतात.

- लाल भोपळा किंवा डांगर: पहाटे उमलतं, सकाळी नऊ-दहापर्यंत मिटायला लागतं. उशिरा उठणाऱ्यांनी या भाजीचा नाद सोडावा.
- काकडी, कारलं, कलिंगड, खरबूज: सकाळी. दहाच्या आत काम उरकलेलं बरं.
- घोसाळं: पहाटे ते सकाळ.
- दोडका: संध्याकाळी पाचनंतर.
- दुधी: दिवेलागणीला. रात्रभर उघडं, सकाळी मान टाकलेली.
- पडवळ: अंधार पडता पडता. पाकळ्यांच्या कडेला पांढऱ्या धाग्यांची झालर असते, ती उलगडताना एकदा तरी थांबून बघा.

दोडका आणि घोसाळं ही सख्खी भावंडं. फुलं दोघांचीही पिवळी, लांबून फरक कळत नाही. पण एक संध्याकाळचं आणि दुसरं पहाटेचं. मी दोन्ही एकाच मांडवावर चढवली होती आणि महिनाभर वाटत होतं की दोडका आजारी आहे, सकाळी त्याची फुलं कोमेजलेली का?

वेळेमागे गिऱ्हाईक आहे. दुधी-पडवळाची पांढरी फुलं अंधारात उठून दिसतात, कारण त्यांच्याकडे पतंग येतात. काकडी-भोपळ्याच्या पिवळ्या फुलांवर दिवसा मधमाश्या येतात. चौथ्या मजल्यावर, दिव्यांच्या झगमगाटात पतंग कमी आणि भर पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत, म्हणून तिथे तुमचा हात लागतो. गावाकडे, शेताच्या बांधावर दुधी लावलात तर यातलं काहीच करावं लागणार नाही.

## ४. वेलभाज्यांचं हातानं परागीभवन

१. मादी फूल पूर्ण उमललेलं निवडा. कळी जबरदस्तीनं उघडू नका.

२. त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा. बोटाच्या टोकानं मधल्या दांड्याला हलका स्पर्श करा. बोटावर पिवळी पूड आली पाहिजे. आली नाही तर ते फूल शिळं किंवा भिजलेलं आहे, दुसरं घ्या.

३. पाकळ्या मागे वळवा किंवा काढून टाका.

४. तो दांडा मादी फुलाच्या मध्यावर, तिन्ही भागांना लागेल असा गोल फिरवा. रगडू नका. देवाला गंध लावतो तेवढ्याच दाबानं.

५. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. नर कमी असतील तर कुंचला वापरा.

६. देठाला लोकरीचा तुकडा सैल बांधा आणि वहीत तारीख लिहा.

कारल्याची फुलं बारीक असतात, तिथे कुंचलाच बरा. वेगवेगळ्या भाज्यांना एकच कुंचला वापरत असाल तर मधे धुऊन पूर्ण कोरडा करा. ओला कुंचला म्हणजे परागाचा चिखल.

पावसाळ्यातला सापळा असा की फुलात पाणी गेलं तर पराग निकामी होतो. पाऊस येणार असं वाटलं तर मी त्या दिवशी उमलणाऱ्या कळ्यांवर दुपारीच कागदी पिशवी उलटी घालते, नर-मादी दोन्हींवर. काम झालं की मादी फुलावर पुन्हा रात्रभर. दुसऱ्या दिवशी पिशवी काढायला विसरू नका, नाहीतर आत बुरशी येते. हे मी दोनदा केलंय.

जमलं की नाही हे तीन-चार दिवसांत कळतं. पिल्लाचा रंग तजेलदार राहतो, देठ जाड होत खाली वळतो. पिवळं पडलं तर सोडून द्या आणि पुढच्या फुलाकडे जा. वेल स्वतःही सगळी फळं ठेवत नाही. एका कुंडीतल्या दुधीवर एका वेळी तीन-चार मोठे होत असतील तर पाचवा हातानं परागीभवन करूनही गळेल, त्यात तुमची चूक नाही.

एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो, कारल्याशेजारी काकडी लावली की काकडी कडू होते. होत नाही. काकडी आणि कारलं यांचा संकर होत नाही, आणि शेजारच्या परागानं काकडीच्या गराची चव बदलत नाही. काकडी कडू होते ती पाण्याच्या ताणानं आणि उन्हानं. दुधीच्या बाबतीत मात्र चवीला गंमत समजू नका. चिरल्यावर टोकाचा तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर सगळा दुधी टाकून द्या, रस तर अजिबात पिऊ नका. कडू दुधीच्या रसानं माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत.

आणि बियांच्या पाकिटावर पार्थेनोकार्पिक असं लिहिलेली काकडी आणली असेल तर ही सगळी पायरीच सोडा. पॉलिहाऊससाठीची ही जात परागाशिवायच फळते.

## ५. वांगी, टोमॅटो, मिरची: कुंचला नको, हलवा

इथे प्रत्येक फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. पण टोमॅटो-वांग्याचा पराग उघडा पडलेला नसतो. वांग्याच्या परागकोशाला, म्हणजे पराग साठवणाऱ्या पिशवीला, टोकाशी बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. डबी हलवल्याशिवाय मीठ पडणार कसं?

निसर्गात हे काम भुंगा करतो. काळाकुळकुळीत, निळसर पंखांचा. तो वांग्याच्या फुलाला खालून मिठी मारतो, पंख न हलवता अंग थरथरवतो आणि गुणगुणीचा सूर एकदम चढा होतो. त्या कंपनानं पराग त्याच्या पोटावर सांडतो. मधमाशीला ही थरथर जमत नाही. माझ्या मांडवाच्या बांबूला एकदा पेनाच्या जाडीचं गोल भोक पडलेलं दिसलं, खाली भुसा. मी ते मेणानं बुजवायला निघाले होते. नंतर कळलं की तो भुंग्याचा घरोबा. तेव्हापासून एक वाळका बांबू मुद्दाम आडवा बांधून ठेवते.

भुंगा नसेल तर:

१. कोरड्या दिवशी सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान जा. दमट हवेत पराग चिकट होतो.

२. चालू टूथब्रशची पाठ फुलाच्या मागच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवा. फुलाला नको.

३. ब्रश नसेल तर फुलोऱ्याच्या दांडीला टिचकी मारा.

मिरची स्वतःच बऱ्यापैकी सांभाळून घेते. झाड रोज जरा हलवलं की झालं.

वांग्यातला एक बारकावा माहीत नसेल तर उगाच काळजी लागते. काही फुलांत मधली हिरवी कुक्षी पिवळ्या परागकोशांच्या बाहेर आलेली असते, काहींत ती आत बुडालेली. आत बुडालेली आखूड फुलं फळ धरतच नाहीत, गळणारच. लांब कुक्षीच्या फुलांवरच टूथब्रश खर्च करा.

आणि मे महिन्यात टोमॅटो धरत नसेल तर हात टेका. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उकाड्याची असली की त्याचा पराग नीट काम करत नाही. सावलीची जाळी थोडी मदत करते.

## ६. मका एका ओळीत लावू नका

मक्याला कोणी पाहुणा लागत नाही, वारा पुरतो. वरच्या तुऱ्यात नर फुलं, कणसाच्या टोकाला लोंबणारे केस म्हणजे मादी फुलांच्या कुक्षी. एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला. ज्या केसावर पराग पडला नाही तो दाणा भरत नाही. बोळकं कणीस मिळतं ते त्यामुळे.

म्हणून दहा रोपं एका रांगेत न लावता तीन-चार ओळींच्या चौकोनात लावा. गच्चीत कमी रोपं असतील तर तुऱ्यातून पराग झडायला लागला की सकाळी तुरा कागदी पिशवीत झाडून ती पूड केसांवर भुरभुरा, चार-पाच दिवस रोज. स्वीट कॉर्नजवळ साधा मका नको. शेजारच्या परागाचा त्याच वर्षीच्या दाण्यावर परिणाम होतो, अशा थोड्या पिकांपैकी मका आहे, आणि गोड दाणा पिठूळ होतो.

## ७. जिथे एक झाड पुरत नाही

करटोलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. हौसेनं एकच कंद आणलात आणि तो नर निघाला तर आयुष्यभर फुलंच बघायची. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल ठेवतात. घरी दोन मादी असल्या तरी एक नर हवाच. कंद विकणाऱ्याला लावण्याआधी विचारा, आणि तो नीट सांगू शकत नसेल तर फुलं आलेल्या वेलाचाच कंद घ्या. तोंडलीची काडीही अशीच, डोळ्यांदेखत फळं लागलेल्या वेलाची आणा.

पपईच्या देशी बियांत नर झाडंही निघतात. एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावा. लांब लोंबणाऱ्या दांडीवर बारीक फुलांचे झुबके आले की तो नर, खोडाला चिकटून एकेकटं मोठं फूल आलं की मादी. सगळे नर उपटू नका, एखादा ठेवा. द्विलिंगी फुलांच्या संकरित जातींना ही भानगड नाही.

## ८. सीताफळ आणि ड्रॅगनफ्रूट

सीताफळाचं फूल आधी मादी असतं, मग नर होतं. एकाच फुलात दोन्ही, पण वेळा जुळत नाहीत. निसर्गात हे काम बारीक भुंगेरे करतात. ते कमी असले तर झाड फुलांनी लगडतं आणि फळं मोजकी.

१. सकाळी लवकर, तीनही जाड पाकळ्या पूर्ण पसरलेली फुलं शोधा. हे नर अवस्थेतले. वाटीवर धरून टिचकी मारा, परागकोश सुटून पडतात.

२. पाकळ्यांची टोकं नुकती विलग झालेली फुलं शोधा. आत कुक्षी ओलसर चमकत असतात. हे मादी अवस्थेतले.

३. पाकळ्या दोन बोटांनी किंचित उघडून कुंचला सगळीकडून फिरवा.

सगळीकडून म्हणजे खरोखर सगळीकडून. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे फुलातला एकेक स्त्रीकेसर, मादी भाग. जिकडे पराग लागला नाही तिकडचे डोळे बसके राहतात आणि फळ वाकडं होतं. कोरड्या कडक उन्हात कुक्षी लवकर वाळतात, त्यामुळे वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतरच्या दमट दिवसांत यश जास्त मिळतं. सासरच्या एका झाडावर मी फक्त खालच्या फांद्या केल्या होत्या. हात पोचत होता तिथपर्यंतच फळं लागली, वर नुसती पानं.

ड्रॅगनफ्रूटचं फूल रात्री उमलतं आणि सकाळी संपतं. नऊ-दहाला बॅटरी लावून कुंचल्यानं पराग गोळा करायचा आणि मधल्या चांदणीसारख्या कुक्षीवर लावायचा. पांढऱ्या गराचं बहुधा स्वतःच्या परागावर धरतं. लाल गराच्या बऱ्याच जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो. नुसतं लाल लावलं असेल तर एखादी वेगळी जातही शेजारी हवी.

कोकण-गोव्यातल्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, कोणाकडे व्हॅनिलाचा वेल असेल तर त्याला हाताशिवाय गत्यंतर नाही. ती बांबूच्या काडीची युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावर एदमों आल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली, आणि आजही जगभर साधारण तशीच करतात. काडीनं मधला पडदा वर उचलायचा आणि पराग अंगठ्यानं कुक्षीवर दाबायचा. फूल एकच दिवस टिकतं, सकाळी चुकलं की गेलं.

## ९. यांच्या वाटेला जाऊ नका

घेवडा, वाटाणा आणि भात आपलं आपण बघतात, आणि बहुतांशी भेंडीही. केळ्याला परागाची गरजच नाही. पुरंदरच्या अंजिरालाही नाही, ते आपसूक फळतं. त्याचा भाऊबंद उंबर मात्र एका इवल्याशा गांधीलमाशीवर अवलंबून असतो. ती फळाच्या टोकाच्या भोकातून आत शिरते, कारण उंबराची फुलं फळाच्या पोटातच असतात. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण "उंबराचं फूल" म्हणतो ते यासाठीच.

डाळिंबाची फुलं गळतात म्हणून घाबरणारेही बरेच. घंटेसारखी निमुळत्या बुडाची फुलं नर असतात, ती गळणारच. बूड फुगीर असलेली धरतात. आंब्याच्या मोहरावर मधमाश्यांपेक्षा साध्या माश्याच जास्त काम करतात, तेव्हा मोहर आलेल्या झाडाखाली माश्या घोंगावतायत म्हणून फवारा मारायला धावू नका.

## १०. पाहुणे येतील असं करा

कायमचं हातानं करत बसायला कोणाला वेळ आहे? दुसऱ्या वर्षापासून मी दोन कुंड्यांत तुळस, एकीत बडीशेप ठेवली आणि थोडी कोथिंबीर मुद्दाम फुलावर जाऊ दिली. पसरट ताटलीत खडे आणि पाणी. महिन्याभरात छोट्या फुलोरी मधमाश्या दिसायला लागल्या, नंतर मुंगीएवढ्या काळ्या, बिनडंखाच्या पोयाच्या माश्याही. चौथा मजला त्यांना उंच वाटत नाही, फक्त खायला काही हवं.

फवारणीचा सापळा नीट समजून घ्या. सगळे सांगतात, संध्याकाळी फवारा म्हणजे मधमाश्यांना इजा होत नाही. काकडी-भोपळ्याला ते बरोबर. पण दुधी, दोडका, पडवळ संध्याकाळीच उमलतात. तिथे निंबोळी अर्कसुद्धा पानांच्या मागेच मारा, फुलांवर नको.

परसात जागा असेल आणि सातेरी या देशी मधमाश्यांची पेटी ठेवायची इच्छा असेल तर आधी शिका, मग पेटी घ्या. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि तिथून जवळच मांघर गाव, जे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. एक दिवस जाऊन पेट्या बघून आलात तर पुस्तकं वाचण्यापेक्षा जास्त कळेल. आमच्या इमारतीत आग्या माश्यांचं पोळं दिसताच सोसायटीनं धूर करून जाळायला माणूस बोलावला होता. त्या वर्षी माझ्या काकडीवर एक माशी फिरकली नाही. पोळं ग्रिलच्या बाहेर, माणसांच्या वाटेपासून दूर असेल तर राहू द्या. वाटेत असेल तर न मारता हलवणारा माणूस शोधा.

## ११. बी धरायचं असेल तर

खाण्यासाठी कोणता पराग लागला याला महत्त्व नाही. बियाण्यासाठी आहे. दोन जातींचे दुधी शेजारी असतील तर बी मिसळतं. त्यासाठी:

१. ज्या दिवशी संध्याकाळी उमलणार त्या दुपारी नर आणि मादी दोन्ही कळ्यांची टोकं लोकरीनं हलकी बांधा. उमलू पाहणारी कळी टोकाशी फुगीर आणि पांढरट दिसते.

२. संध्याकाळी दोन्ही सोडा, वर चौथ्या भागात सांगितलं तसं परागीभवन करा आणि मादी फूल लगेच पुन्हा बांधा.

३. देठाला वेगळ्या रंगाची खूण. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर बियाण्याचा दुधी मुगाची डाळ घातलेल्या भाजीत जातो. आमच्याकडे गेला होता.

४. संकरित बियाण्याच्या वेलाचं बी धरू नका, पुढे काय निघेल याचा भरवसा नाही. गावठी किंवा सरळ वाणाचंच धरा, आणि एकाच फळाऐवजी दोन-तीन फळांचं.

५. दुधी वेलावरच राहू द्या. तो आधी पांढरट, मग गव्हाळ होतो, साल टणक होते. देठ पूर्ण वाळला, आणि कानाशी धरून हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या, की काढा.